मार्क चांगले आहेत, तरी मला वेल्डिंगच शिकायचंय

प्रश्न: ताई, मी १८ वर्षांची आहे. शाळा संपली, मार्क चांगले आलेत, इंजिनीअरिंगला ॲडमिशन मिळेल इतके. पण गेल्या सुट्टीत मी ओळखीतल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये दोन महिने जात होते, आधी नुसती बिलं लिहायला, मग एक दिवस मिस्त्रींनी वेल्डिंगचा रॉड धरायचा होल्डर हातात दिला आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही येतच नाही. मला वेल्डिंग शिकायचंय, कॉलेजला जायचं नाही. आई म्हणते एवढे मार्क मिळवून हे करणार? बाबा तर बोलतच नाहीयेत. मला चार वर्षं वर्गात बसून न आवडणारं काही करायचं नाहीये, आणि तेवढ्या वेळात मी कमवायलाही लागेन. वरून सगळे म्हणतात मुलीचं हे काम नाही. फॉर्म भरायला एक महिना राहिलाय. मी चुकतेय का?

उत्तर:

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच ठिकाणी थांबले, मिस्त्रींनी होल्डर हातात दिला तिथे. त्यापुढे काय झालं ते तू लिहिलंच नाहीस गं! किती रॉड जाळलेस, उभ्या पट्टीवर वेल्डिंगची लाइन मारून बघितलीस का, वितळलेला धातू ओघळून खाली आला तेव्हा वैतागून उठलीस की ग्राइंड करून परत बसलीस. मला हेच वाचायचं होतं, कारण तू चुकतेयस की नाही याचं उत्तर बरंचसं तिथेच आहे.

आधी माझं सांगते म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. मी डिग्री घेतली, आणि नंतर ९ वर्षं वेल्डिंग इन्स्पेक्शनमध्ये होते. म्हणजे दुसऱ्यांनी केलेले जॉइंट तपासायचे, एक्स-रे फिल्म लाइटवर धरून बघायचं की आत हवेचे फुगे राहिलेत का, स्लॅग म्हणजे रॉडच्या कोटिंगचा मळ अडकलाय का, अगदी मुळाशी, जॉइंटच्या तळाला, धातू नीट वितळून एकजीव झालाय का. जॉइंटच्या नोंदीत वेल्डरचा नुसता नंबर असायचा. काही नंबर असे होते की फिल्म लावायच्या आधीच मला माहीत असायचं, इथे काही सापडणार नाही. अशाच एका नंबरच्या माणसाकडून मी धातूबद्दल जे शिकले ते मला वर्गात कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांची शाळा लहानपणीच सुटलेली. उलट वर्गात शिकलेलं मी त्यांना सांगितलं की ते काम थांबवून ऐकायचे, परत परत विचारायचे. त्यामुळे डिग्रीवाले एका बाजूला आणि हाताने काम करणारे दुसऱ्या बाजूला, अशी भिंत मला कधी नीट दिसलीच नाही. तुझ्या घरात सध्या ती भिंत उभी आहे आणि तू, आई, बाबा तिघंही तिला धरून बसलायत असं मला वाटतं.

आईचं वाक्य घेऊया, मार्क वाया जातील. वर्कशॉपमध्ये ७०१८ नंबरचा रॉड बघितला असशील. त्यातले ७० म्हणजे त्या धातूची ताकद, ७०,००० पाउंड दर चौरस इंचाला, पुढचा १ म्हणजे तो कुठल्याही पोझिशनला चालतो, आणि शेवटचा ८ सांगतो की वरचं कोटिंग कमी हायड्रोजनवालं आहे. आता हा रॉड दमट राहिला की त्या ओलाव्यातला हायड्रोजन गरम धातूत शिरतो आणि जॉइंट थंड झाल्यावर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, आतून तडा जातो, वरून लाइन दिसायला सुंदर असते तरीही. म्हणून तो रॉड ओव्हनमध्ये गरम ठेवायचा असतो, आणि म्हणून काही जाड, मजबूत स्टीलचे जॉइंट आम्ही ४८ तास थांबून मग तपासायचो. किंवा ॲल्युमिनियम घे. ते ६६० डिग्रीला वितळतं पण त्याच्यावरचा ऑक्साइडचा पातळ थर वितळायला २००० डिग्रीच्या वर लागतात, म्हणजे कातडी शाबूत आणि आतलं सगळं पाणी, म्हणून तिथे साफसफाई आणि एसी करंटवरचं टिग (टंगस्टनच्या टोकाने, गॅसच्या आडोशाने करायचं वेल्डिंग) हे सगळं नीट समजून करावं लागतं. केमिस्ट्री आणि फिजिक्सचे तुझे मार्क इथेच लागणार आहेत. ते ज्याला समजतं तो वेल्डर आणि नुसता चिकटवणारा यांच्यात केवढा फरक पडतो ते मी फिल्मवर बघितलंय.

दुसऱ्या महायुद्धात घाईघाईने बांधलेली वेल्डेड मालवाहू जहाजं थंड पाण्यात अचानक चिरफाळायला लागली, काहींचे तर दोन तुकडे झाले. साहजिकच बोट वेल्डिंगकडे गेलं. मग केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर या बाईंनी दाखवून दिलं की ते स्टीलच थंडीत ठिसूळ होत होतं, आणि अखंड वेल्ड केलेल्या सांगाड्यात तडा एकदा सुटला की त्याला अडवायला रिव्हेटचा सांधा नव्हता. माझ्यासाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे कारण त्या तड्यात रॉड धरणारे हात आणि मायक्रोस्कोपखाली धातू बघणारे डोळे या दोघांचाही प्रश्न एकच होता. आईला हे सांग. मुलगी अभ्यास सोडतेय ही भीती कमी व्हायला मदत होईल.

आता तुझ्याकडे वळते, कारण तुझ्याही पत्रात काही गोष्टी तू गृहीत धरल्यायस. "कॉलेज नको" आणि "वेल्डिंग हवं" ही दोन वेगळी वाक्यं आहेत आणि तू ती एका दमात लिहिलीयस. समज, उद्या कुणी सांगितलं की कॉलेजमध्ये पहिल्या दिवसापासून हाताने काम करायचंय, वर्गात बसणं निम्मं, तरी वेल्डिंगच निवडशील का? आणि समज हे वर्कशॉप बंद पडलं, मिस्त्री निघून गेले, तर दुसरीकडे अनोळखी लोकांमध्ये जाऊन शिकशील का? पहिल्याचं उत्तर अडखळत आलं तर तू वर्गापासून पळतेयस, आणि पळण्यात लाज काही नाही पण त्यासाठी वेल्डिंग निवडू नकोस. दोन्ही उत्तरं पटकन हो आली तर मग आपण खरंच वेल्डिंगबद्दल बोलतोय.

आणि हे दोन महिने तू पाहुणी होतीस. पाहुणीला कामाचा गोड भाग मिळतो, आर्क म्हणजे धातू वितळवणारी विजेची ज्योत पेटवायची, लाइन मारायची, सगळे वा म्हणणार. वेल्डरचा दिवस असा नसतो. कापणं, कडा तिरक्या घासून तयार करणं, गंज आणि रंग काढणं, दोन तुकडे मापात बसवून टॅक म्हणजे तात्पुरते टाके मारणं, क्रेनची नाहीतर ड्रॉइंगची वाट बघणं, आणि मग कुठे आर्क, तोही शिकाऊ माणसाच्या वाट्याला थोडाच. म्हणून फॉर्मच्या आधी मिळालेल्या या महिन्यात परत जा, पण बिलं लिहायला नको, हेल्पर म्हणून जा. सकाळी उघडल्यापासून बंद होईपर्यंत, रोज. ग्राइंडिंगने खांदे भरून आल्यावर, उकाड्यात जाड जॅकेट घालून, दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी तुला कसं वाटतं ते लिहून ठेव, त्या दिवशीच लिही, नंतर आठवून लिहिलेलं सगळं गोडच होतं.

मला सगळ्यात जास्त काळजी मात्र तुझ्या दुसऱ्याच एका ओळीची वाटते, तेवढ्या वेळात मी कमवायलाही लागेन. लागशील किंवा नाहीही लागणार, आणि ते वेल्डिंगवर कमी आणि तू कुणाच्या हाताखाली शिकतेस यावर जास्त ठरतं. मी अशी मुलं बघितलीयेत जी एकाच वर्कशॉपमध्ये चार वर्षं होती आणि चार वर्षांनीही गेटच्या जाळ्या आणि ग्रिलच करत होती, कारण मालकाला त्यांच्याकडून तेवढंच हवं होतं. चांगली मुलं, हात चांगला, पण पाइपचा जॉइंट कधी केला नाही, ड्रॉइंग कधी हातात आलं नाही, टेस्ट कधी दिली नाही आणि बाहेर दाखवायला कागद एक नाही. वाईट कॉलेज चार वर्षं खातं हे सगळ्यांना माहीत असतं. वाईट वर्कशॉपही तेवढीच खातं पण हातात थोडे पैसे येत असतात म्हणून ते लवकर कळत नाही. तेव्हा कॉलेज की वेल्डिंग हा प्रश्न जरा बाजूला ठेव आणि मला कोण शिकवणार, हा प्रश्न घेऊन महिनाभर फिर.

फिरताना काय विचारायचं ते सांगते, आणि हे वायरिंग, प्लंबिंग, सीएनसी मशीन, एसी दुरुस्ती अशा कुठल्याही कामाच्या मागे असलेल्यांनीही विचारावं, फक्त कामाचं नाव बदलायचं. अप्रेंटिसशिपचा लेखी करार आहे का, त्यात किती महिने, किती स्टायपेंड आणि काय काय शिकवणार ते लिहिलंय का. थिअरीला वेळ देतात का. मागच्या वर्षी शिकलेली मुलं आता कुठे आहेत, आणि त्यांच्यापैकी एकाशी मालक समोर नसताना बोलता येईल का (हे नक्की कर, पाच मिनिटांत सगळं कळतं). शेवटी टेस्ट कोण घेणार आणि सर्टिफिकेट तुझ्या नावावर असणार का, ते पुढे डिप्लोमा किंवा डिग्रीच्या ॲडमिशनला धरतात का. ज्या कामाला लायसन्स लागतं, जसं बऱ्याच ठिकाणी इलेक्ट्रिशियनला लागतं, तिथे इथला अनुभव त्या लायसन्ससाठी मोजला जातो का. मालक या प्रश्नांवर चिडला तर नमस्कार करून निघायचं.

वेल्डिंगपुरतं अजून एक. इथे तुझी पात्रता पोझिशनवर मोजतात. प्लेटमध्ये १जी म्हणजे सपाट, २जी आडवी, ३जी उभी, ४जी डोक्यावर. पाइपमध्ये ६जी म्हणजे पाइप ४५ अंशात पक्का बांधलेला, तो फिरवायचा नाही, आपणच त्याच्याभोवती फिरायचं. तेव्हा तिथे कुठल्या पोझिशनपर्यंत नेतात ते विचार. आणि पास झालीस की संपलं असंही नाही. एएसएमई या अमेरिकन इंजिनीअरांच्या संस्थेच्या कोडप्रमाणे त्या प्रोसेसने, म्हणजे वेल्डिंगच्या त्या पद्धतीने, सहा महिने वेल्डिंग केलं नाही तर पात्रता संपते, परत टेस्ट. म्हणून पहिल्या दिवसापासून एक वही ठेव, तारीख, धातू, जाडी, प्रोसेस, पोझिशन, आणि मिस्त्रींची सही.

शरीराबद्दल मी गोड बोलणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलंय, जिथे पुरावा पक्का असतो तो गट. स्टेनलेस स्टीलच्या धुरात घातक क्रोमियम असतं, गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर वेल्डिंग केलं की झिंकच्या धुराने संध्याकाळी ताप भरतो, आणि काच न लावता आर्क बघितला तर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं ते लगेच नाही, काही तासांनी, रात्री. यातलं बरंचसं टाळता येतं, धूर ओढणारा पंखा, चांगला मास्क, पूर्ण अंग झाकणारे कपडे, कानात प्लग. पण ते वर्कशॉपने द्यावं लागतं आणि तू रोज वापरावं लागतं. जिथे मिस्त्री डोळे मिटून टॅक मारतात आणि त्याचा अभिमान बाळगतात तिथे शिकू नकोस, हात कितीही चांगला असो. आणि गुडघे, कंबर, मान हे चाळिशीत बोलायला लागतात, तेव्हा पुढचा रस्ता आत्ताच थोडा बघून ठेव. इन्स्पेक्शन, एनडीटी म्हणजे माल न तोडता तपासणी, सुपरवायझर, ट्रेनर, स्वतःचं वर्कशॉप, हे सगळे चांगल्या वेल्डरचे नेहमीचे रस्ते आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना डिग्री लागत नाही, कोर्स आणि परीक्षा लागतात. मात्र इंटरनॅशनल वेल्डिंग इंजिनीअर या पात्रतेच्या नेहमीच्या वाटेला इंजिनीअरिंगची डिग्री लागते, हे आत्ताच माहीत असू दे. तो दरवाजा तू सध्या लोटून ठेवतेयस.

लोटून ठेवतेयस म्हटलं, कुलूप लावतेयस नाही म्हटलं. जर्मनीत अप्रेंटिसशिप साधारण दोन ते साडेतीन वर्षांची असते, आठवड्याचे तीन-चार दिवस कंपनीत आणि उरलेले शाळेत, त्याच्यापुढे माइस्टरची, म्हणजे उस्ताद कारागिराची, परीक्षा, आणि माइस्टर झालेल्याला २००९ पासून तिथल्या युनिव्हर्सिटीत प्रवेशाचा हक्क आहे. त्यांच्या पात्रतेच्या चौकटीत माइस्टर आणि बॅचलर एकाच, म्हणजे सहाव्या पायरीवर बसतात. स्वित्झर्लंडमध्ये शाळेनंतर जवळजवळ दोन तृतीयांश मुलं हाच रस्ता घेतात. सगळीकडे इतकी सोय नसते हे खरं, म्हणूनच सर्टिफिकेट पुढे कुठे कुठे चालतं ते आत्ता विचार म्हणाले. पण १८ व्या वर्षीचा निर्णय आयुष्यभराचा असतो ही जी भीती तुम्हा तिघांना धरून बसलीये ती थोडी सैल करता येते. कॉलेजला विचार की ॲडमिशन एक वर्ष राखून ठेवता येते का. नाही म्हणाले तर मार्क तर तुझेच आहेत, पुढच्या वर्षीही प्रयत्न करता येईल.

मुलीचं काम नाही, हे तू अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंस, म्हणजे ते बरंच टोचलंय असं मी समजते. आर्क स्थिर धरायला लागतो स्थिर हात, श्वासावर ताबा आणि सहनशक्ती, जड माल तर पुरुषही चेनब्लॉक आणि क्रेननेच उचलतात किंवा उचलायला हवा. वेल्डिंग मुलींना जमतं का यावर वाद घालत बसू नकोस, अडचणी वेगळ्याच असतात आणि त्या मी साइटवर स्वतः भोगल्यात. स्वच्छ टॉयलेट आहे का, त्याला कडी आहे का. जॅकेट आणि हातमोजे तुझ्या मापाचे मिळतात का, कारण मोठ्या हातमोज्याने रॉड नीट धरता येत नाही आणि ढगळ कॉलरमधून ठिणगी आत जाते. ओव्हरटाइम झाला तर घरी कशी जाणार. कुणी त्रास दिला तर कुणाला सांगायचं, आणि तो माणूस खरंच ऐकतो का. एका साइटवर हे शेवटचं मी आधी विचारलं नव्हतं, त्याची किंमत मला सहा महिने मोजावी लागली. तू विचार. जिथे आधीपासून एखादी बाई काम करते तिथे तिलाच विचार.

आता बाबा. ते बोलत नाहीयेत म्हणजे विरोधात आहेत असं तू धरलंयस, मला तसं वाटत नाही. बऱ्याच बापांना भीती शब्दांत सांगता येत नाही, विशेषतः मुलीच्या भाजण्याची, तिला कुणी काही बोलण्याची, आपण नसल्यावर तिचं कसं होईल याची. त्यांना पटवायला जाऊ नकोस. फक्त विचार, बाबा तुम्हाला नक्की कशाची भीती वाटते, आणि मग गप्प बस, ते बोलेपर्यंत. जे सांगतील त्यातल्या अर्ध्या गोष्टी वर लिहिलेल्या प्रश्नांमध्येच असतील आणि त्या शोधायला ते तुझ्याबरोबर येतीलही. दोघांसमोर कागदावर एक वर्षाचं ठरव, अमुक महिन्यापर्यंत ३जी, अमुकपर्यंत ४जी, वर्षाच्या आत एक बाहेरची टेस्ट, आणि ते नाही झालं तर काय करायचं तेही त्याच कागदावर लिही. आईला मार्क वाया जाण्याची भीती आहे ना, तिला तारखा दिसू देत.

माझं मत विचारतेस म्हणून सांगते. या महिन्यात तुला कागदावर शिकवायला तयार असलेली चांगली जागा मिळाली आणि हेल्परचा महिना काढूनही मन तिथेच राहिलं, तर जा, मी तुझ्या आईच्या जागी असते तरी पाठवलं असतं. अशी जागा नाहीच मिळाली तर नुसत्या हट्टापायी मिळेल त्या वर्कशॉपमध्ये जाऊ नकोस. मग ॲडमिशन घे, मेकॅनिकल किंवा मेटलर्जी मिळत असेल तर ती, आणि चांगली जागा शोधणं चालू ठेव, सुट्ट्यांमध्ये होल्डर सोडू नकोस. त्यालाही मी हार म्हणणार नाही.

आणि हो, ज्यांचे मार्क कमी आहेत म्हणून घरच्यांनी शिक्षा दिल्यासारखं एखाद्या ट्रेडला ढकललंय अशांचीही पत्रं येतात, तुम्हीही हेच प्रश्न विचारा, जागा नीट निवडायचा हक्क तुम्हालाही तेवढाच आहे.

या आठवड्यात एवढंच कर. मिस्त्रींना सांग मला १० मिलिमीटरच्या दोन पट्ट्या द्या, उभ्या धरून ३जीमध्ये जोडते. जोडून झालं की थंड होऊ दे, त्यातून एक चिंचोळी पट्टी कापून घे, जॉइंट घासून सपाट कर आणि मग प्रेसवर ती यू आकारात वाकवायला सांग, मुळाची बाजू बाहेर ठेवून. खऱ्या टेस्टमध्ये तिथे ३ मिलिमीटरपेक्षा मोठा तडा उघडला की फेल. तुझ्या पहिल्या पट्टीला बहुतेक जाईलच. ती टाकून देऊ नकोस, घरी ने, बाबांसमोर ठेव, आणि तडा कुठून सुरू झाला आणि का, ते त्यांना सांगायचा प्रयत्न कर. मग मलाही लिही, या वेळी वेल्डिंगबद्दल एका ओळीपेक्षा जास्त.